टू-स्ट्रोक सिलिंडर ओतताना डावा-उजवा ट्रान्सफर पोर्ट सारखा का येत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्या 250 सीसी जावासाठी बिडाचा सिलिंडर नव्याने ओतून घ्यायचा आहे. पॅटर्न (साचा उमटवायचा नमुना) आणि कोअर बॉक्स थ्री-डी प्रिंट करून घेतले, त्यात सीओटू वाळूचे, म्हणजे सोडियम सिलिकेट मिसळून कार्बन डायऑक्साइडने घट्ट केलेल्या वाळूचे, कोअर (कास्टिंगच्या आतली पोकळी राखणारे वाळूचे ठोकळे) मारले आणि जवळच्या फौंड्रीतून काही नग ओतून आणले. बोअर (आतला व्यास) 65 मिलिमीटरला आणल्यावर डाव्या ट्रान्सफर पोर्टची (क्रँककेसमधून ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये येण्याच्या खिडकीची) वरची कड उजव्यापेक्षा साधारण 1 मिलिमीटर वर निघाली. दोन एक्झॉस्टमधल्या पट्टीत भोकं दिसली. पॅसेजमधली वाळू तर छिन्नीनेही निघेना. कोअर बॉक्स पुन्हा मोजला, तो बरोबर आहे. मग चुकलं कुठं?

कोअर बॉक्स बरोबर असेलही. पण बॉक्समधून निघालेला कोअर आणि कास्टिंगमध्ये उमटलेला पोर्ट यांच्या मध्ये पाच-सहा टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्पा आपला थोडा थोडा वाटा खातो. तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज असा, की तुम्ही मधला बोअरचा कोअर, दोन ट्रान्सफर, दोन एक्झॉस्ट आणि इनलेट हे सगळे कोअर साच्यात एकेक करून बसवलेत. प्रत्येकाचा प्रिंट (कोअरचं साच्यात टेकणारं टोक आणि त्याची जागा) वेगळा, प्रत्येक प्रिंटला बसण्यासाठी सूट ठेवलेली. ही सूट दर बाजूला अर्धा मिलिमीटर धरली तरी एक कोअर वर चिकटून बसला आणि दुसरा खाली, की तुमचा 1 मिलिमीटर तिथेच झाला. कोल्हापुरात उद्यमनगर-शिरोलीला मी ज्या लोकांकडे हे काम शिकलो, ते ऑइल इंजिनचे लायनर आणि हेड डोळे मिटून ओतायचे. तेच लोक टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला मात्र वचकून असायचे, ते याच कारणाने. फोर-स्ट्रोकमध्ये झडपा कधी उघडायच्या ते कॅम ठरवतो. इथे ते काम वाळूच्या एका कडेकडे असतं.

आधी 1 मिलिमीटर म्हणजे नेमकं किती नुकसान, ते बघू. स्ट्रोक 75 आहे. कनेक्टिंग रॉडची लांबी हिशोबापुरती स्ट्रोकच्या दुप्पट धरली, तर ट्रान्सफर उघडतो त्या सुमारास, म्हणजे टीडीसीनंतर (पिस्टन सर्वात वर असतो त्या जागेनंतर) 120 अंशांच्या आसपास, क्रँक 1 अंश फिरला की पिस्टन साधारण 0.5 मिलिमीटर सरकतो. म्हणजे डावा पोर्ट उजव्याच्या 2 अंश आधी उघडतो आणि 2 अंश उशिरा बंद होतो. आकडा छोटा दिसतो. पण ही लूप स्कॅव्हेंजिंगची, म्हणजे ताज्या मिश्रणाच्या वळणदार झोताने जळका गॅस बाहेर ढकलण्याची रचना आहे, 1920 च्या दशकात जर्मनीत अडॉल्फ श्न्यूर्ले यांनी मांडलेली. तिचं सगळं गणित दोन झोत एकाच वेळी निघून मागच्या भिंतीजवळ भेटतात आणि एकमेकांना वर ढकलतात यावर आहे. एक झोत आधी निघाला तर तो समोरच्या भिंतीवर आपटतो, तिथून वळतो आणि ताजं मिश्रण थेट एक्झॉस्टची वाट धरतं. अशी गाडी चालते, पण कमी वेगात चार-चार ठोके मारत राहते, पेट्रोल पिते आणि कार्ब्युरेटर कितीही फिरवलं तरी सुधारत नाही.

आता निदान. तुमच्याकडे न बोअर केलेला एखादा नग शिल्लक असेल तर त्याला हात लावू नका, तोच साक्षीदार आहे. कागदाची पट्टी बोअरच्या आत भिंतीला चिकटवून बसवा, खाली बेस फेसला (सिलिंडर क्रँककेसवर बसतो त्या तळाला) टेकवा आणि बोटाने किंवा शिसपेन्सिल आडवी धरून घासा. सगळ्या खिडक्यांच्या कडा कागदावर उमटतात. कागद बाहेर काढून सपाट पसरला की सिलिंडरचा नकाशा हातात येतो. ओतीव पृष्ठभाग खरखरीत असल्याने रेघ जरा जाड येते, तरी 0.2-0.3 मिलिमीटरपर्यंतचा फरक कळतो. आता डावी-उजवी खिडकी मोजा. कच्च्या नगातच फरक असेल तर दोष कोअर बसवण्यात. कच्च्या नगात दोन्ही सारख्या आणि बोअर केल्यावर वेगळ्या निघत असतील तर दोष मशीनवर.

हे दुसरं कारण बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. ट्रान्सफर पॅसेजचं छत खिडकीपाशी आडवं नसतं. झोत वर जावा म्हणून ते बोअरच्या मध्याकडे जाताना चढत जातं. समजा हा चढ 15 अंश आहे आणि मशिनिंगसाठी तुम्ही दर बाजूला 3 मिलिमीटर धातू ठेवलात. कोअरच्या पृष्ठभागावर जी खिडकीची वरची कड आहे, ती 3 मिलिमीटर कापल्यावर 0.8 मिलिमीटर खाली येते. दोन्ही बाजूंना सारखी येत असेल तर हरकत नाही, कोअर बॉक्स काढताना ते धरायचं असतं. पण लेथवर नग बाहेरच्या फिन्सवरून सेंटर केला आणि बोअर 1 मिलिमीटर एका बाजूला सरकला, तर एका बाजूने 4 निघतं आणि दुसऱ्या बाजूने 2. एका खिडकीची कड 1.07 उतरते, दुसरीची 0.54. अर्धा मिलिमीटरचा फरक कोअर इकडचा तिकडे न होताच तयार झाला. आणि फिन्सवरून सेंटर करणं म्हणजे काय, हे साचा मारणाऱ्याला विचारा. कोप आणि ड्रॅगच्या (साच्याच्या वरच्या आणि खालच्या अर्ध्या पेटीच्या) पिना-बुश झिजलेले असले, की वरच्या अर्ध्या फिन्स खालच्या अर्ध्यांवर कधीच बरोबर बसत नाहीत.

म्हणून या कामाचा पाया एकच. सगळे कोअर साच्याबाहेर, एका जिगवर (जोडणीच्या चौकटीवर), एकाच डेटमवरून, म्हणजे सगळी मापं जिथून घ्यायची त्या पायावरून, जोडून एक अखंड गठ्ठा करायचा. साच्याला फक्त तो गठ्ठा सांभाळू द्यायचा. आणि मशिनिंगची पहिली पकडसुद्धा त्याच डेटमवरून घ्यायची.

डेटम कोणता? बरेच जण हेडचा फेस धरतात, कारण मोजायला तो सोपा. पण टायमिंग, म्हणजे पोर्ट उघडण्या-मिटण्याची वेळ, क्रँकपासून ठरतं, आणि सिलिंडरचं क्रँकशी नातं बेस फेसमधून आहे. शिवाय ट्रान्सफरचे पाय सुरू होतात तेही बेस फेसपाशीच. म्हणून बेस.

मधला कोअर असा करा. 65 च्या बोअरला दर बाजूला 3 मिलिमीटर सोडलं की 59 उरतात. बिडाचं आकुंचन 1 टक्का धरून 59.6 चा कोअर. बेसच्या बाजूला त्याला एक जाड, मोठ्या व्यासाची तबकडी द्या, म्हणजे एकच दांडगा प्रिंट. त्या तबकडीत दोन खाचे, ट्रान्सफर कोअरचे पाय बसायला. आणि वर, खिडकी यायची तिथे, मधल्या कोअरच्या अंगातच 4 मिलिमीटर खोल खाचा, ज्यात ट्रान्सफर कोअरची जीभ शिरेल. पाय आणि जीभ अशा दोन ठिकाणी पकडला गेला, की ट्रान्सफर कोअर आपल्या जागी राहतो. तबकडीला एका बाजूने सपाट काप द्या आणि साच्यातही तसाच, म्हणजे गठ्ठा स्वतःभोवती फिरणार नाही. गोल प्रिंट ठेवून खडूच्या खुणेवर भरवसा ठेवणारे मोल्डर मी पाहिलेत. तिथे 2-3 अंश फिरलं तरी डोळ्याला दिसत नाही, आणि मग स्टडची भोकं मारताना ट्रान्सफरची भिंत फुटते.

हेडच्या बाजूचा प्रिंट फक्त आधारापुरता. लांबीत त्याला 1 मिलिमीटर मोकळीक ठेवा, नाहीतर दोन्ही टोकं घट्ट झाली की साचा बंद करताना कोअर चेंगरतो आणि वाळूचे कण नेमके खाली पडून राहतात.

एक्झॉस्टच्या कोअरला दोन मालक असतात, आत मधला कोअर आणि बाहेर साच्यातला प्रिंट. दोन्हीकडे घट्ट ठेवलात तर तो कुणाचंच ऐकत नाही. आतली बाजू घट्ट, बाहेरच्या प्रिंटला 0.6-0.8 ची सूट. बाहेरचा फ्लँज नाहीतरी मशीनवर जाणारच आहे, तो थोडा इकडेतिकडे असला तर बिघडत नाही. इनलेटलाही तोच नियम.

जिग फार महाग करायची गरज नाही. 20 मिलिमीटरची एमएस प्लेट सरफेस ग्राइंड करून घ्या. मधोमध तबकडीच्या मापाचं रिसेस, सपाट कापासाठी एक पिन, आणि दोन बाजूंना दोन उभे खांब. खांबांवर सरकणारे स्टॉप, जे ट्रान्सफर कोअरच्या जिभेवरची कड बेसपासून ठरलेल्या उंचीवर अडवतात. दोन्ही स्टॉप एकाच स्लिप गेजवर (अचूक मापाच्या ठोकळ्यावर) सेट करायचे, वेगवेगळे मोजून नाही. गोंद लावताना एक गोष्ट पाळा. टेकणाऱ्या जागी गोंद नको. कोअर पेस्टचा थर 0.3-0.5 मिलिमीटर सहज होतो आणि तो डावीकडे-उजवीकडे सारखा कधीच नसतो. खाचेत टेकण्याचा तळ कोरडा, वाळूवर वाळू. पेस्ट बाजूच्या छोट्या चरात भरायची. पेस्ट सुकेपर्यंत गठ्ठा जिगवरून काढू नका. घाईवाले हॉट ग्लू वापरतात. तो पटकन धरतो हे खरं, पण रस (वितळलेलं बीड) आला की त्याचा जो गॅस होतो तो थेट पोर्टच्या भिंतीत शिरतो.

जिगवर जाण्याआधी कोअर निवडायचे. हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणून टाळलं जातं. सगळे डावे आणि सगळे उजवे कोअर सरफेस प्लेटवर पायावर उभे करा, हाइट गेजने जिभेच्या वरच्या कडेचं माप घ्या आणि प्रत्येकावर पेन्सिलीने लिहा. मग जोड्या लावा. 62.1 चा डावा 62.2 च्या उजव्याशी, 62.5 चा 62.4 शी. एका जोडीत 0.2 च्या आत फरक असेल तर घ्या. पूर्ण बॅच एकाच मापाची निघावी हा आग्रह छोट्या कामात परवडत नाही. डावं-उजवं एकमेकांना जुळलं पाहिजे, हा आग्रह मात्र सोडायचा नाही.

आता ओतण्याची दिशा. बिडाच्या रसाची घनता सुमारे 7, वाळूच्या कोअरची 1.6 च्या आसपास. रसात कोअर तरंगायला बघतो. तुमचा ट्रान्सफर कोअर 40 घनसेंटिमीटरचा धरला तर त्याला वर उचलणारं बळ दोनशे ग्रॅमच्या वर जातं, आणि मधल्या कोअरला जवळजवळ दोन किलो. अ‍ॅल्युमिनियममध्ये हेच बळ ट्रान्सफर कोअरला तीस-बत्तीस ग्रॅम भरतं, म्हणून अ‍ॅल्युमिनियमवाल्यांच्या सल्ल्यावर बिडाचं काम करू नये.

फिन्स बोअरला काटकोनात असतात, त्यामुळे पॅटर्न वाळूतून सुटायचा तर पार्टिंग लाइन (साच्याचे दोन अर्धे मिळतात ती रेघ) बोअरच्या अक्षातूनच जायला हवी. म्हणजे साचा आडवा. बहुतेक फौंड्र्या तो आडवाच ओततात. आडव्या ओतात मधला कोअर मध्यावर वर वाकायला बघतो, वरच्या बाजूला असलेल्या पोर्टचा कोअर वर खेचला जातो, खालचा मधल्या कोअरवर दाबला जातो. म्हणजे समान नसलेली बळं. त्यावर उपाय जुनाच आहे. साचा आडवा मारायचा, गठ्ठा आडवाच ठेवायचा, कोप बंद करून क्लॅम्प घट्ट आवळायचे आणि बॉक्स उभा करून ओतायचा, बेसची तबकडी खाली. आता उचल बोअरच्या दिशेनेच लागते. ट्रान्सफर कोअर हललाच तर दोन्ही सारखे हलतील. ते आपण खपवून घेऊ शकतो, कारण बेस फेस नंतर मशीन करायचाच आहे. शेल मोल्डिंगची (राळ मिसळलेली वाळू तापवून पातळ कवचासारखा साचा करण्याची) सोय असेल तर हे आणखी सोपं. दोन अर्धी शेल चिकटवून उभी करायची आणि मागे वाळू किंवा ग्रिट भरायची. फिन्सही जास्त स्वच्छ येतात.

रस खालून, बेस फ्लँजपाशी, दोन्ही बाजूंनी सारखा येऊ द्या. इनगेटचं (साच्यात रस शिरतो त्या वाटेचं) तोंड ट्रान्सफर कोअरच्या पायाकडे नसावं. पहिला धक्का तिथेच बसतो आणि सगळं जिगवरचं काम वाया जातं. चॅप्लेट (कोअरला आधार देणारा, रसात मिसळून जाणारा धातूचा टेकू) वापरायचा मोह होईल, पण पोर्टच्या भिंतीत ते नीट वितळून एकजीव झालं नाही तर तिथून क्रँककेसचं प्रेशर गळतं, आणि ते शोधता शोधता माणूस सील बदलत बसतो. वरच्यासारखा गठ्ठा केला तर चॅप्लेट लागत नाही.

वाळू न निघण्याचं कारण सोडियम सिलिकेट. चुलाणाएवढ्या गरमीला सिलिकेटचा बंध सैल पडतो, पण 800 अंशांच्या पुढे गेलं की सिलिकेट वाळूशी काचेसारखं जुळतं आणि थंड झाल्यावर दगड होतो. मोठ्या कोअरचा आतला भाग तेवढा तापत नाही, म्हणून तो फुटतो. ट्रान्सफरचा कोअर अंगठ्याएवढा जाड, चारी बाजूंनी रस. तो आरपार तापतो. सीओटूच वापरायचं असेल तर सिलिकेट साडेतीन टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि त्यात टक्का-दीड टक्का मळी घाला. साखर कारखान्याची मळी आमच्याकडे फौंड्रीत पूर्वीपासून वापरतात. ती जळून जाते आणि बंध ठिसूळ करते. गॅस मारताना हात आखडता. जास्त गॅस लागलेला कोअर पांढरट होतो, कडेवर बोट फिरवलं तर पीठ येतं. ती कड म्हणजेच तुमचं टायमिंग.

तरीसुद्धा, ट्रान्सफर कोअरसाठी सीओटू मला पसंत नाही. शेल कोअर उत्तम, पण त्याला धातूचा बॉक्स 230 ते 260 अंशांना तापवावा लागतो, तुमचा छापील बॉक्स त्यात वितळून जाईल. नग शंभराच्या घरात असतील तर बिडाचा बॉक्स करून घेऊन कोअर शॉपकडून शेल कोअर मारून घ्या. दहा-वीस नगांसाठी मी सरळ ऑइल सँड म्हणेन. आजकाल लोक तिला नाक मुरडतात, भट्टी लागते, वेळ जातो. पण जवसाच्या तेलाची वाळू ओतल्यानंतर हाताने टकटक केलं तरी पॅसेजमधून ओघळून बाहेर येते. तेल दीड-दोन टक्के, कच्च्या ताकदीसाठी थोडी डेक्स्ट्रिन, 200 ते 230 अंशांना भाजायचं. रंग भाजलेल्या शेंगेच्या टरफलासारखा झाला की उतरवायचा. काळसर झाला तर कडा गळतात, पिवळा राहिला तर आत गॅस शिल्लक आहे. एकच अडचण. भाजण्याआधी हा कोअर मऊ असतो आणि वळणाच्या जागी खचतो. त्याला त्याच आकाराचा ड्रायर, म्हणजे भाजताना खालून आधार देणारा पाळणा लागतो. आणि भाजल्यावर जीभ आणि पाय गेजमध्ये घासून मापाला आणायचे. घासण्यासाठी 0.3-0.4 मिलिमीटर जादा ठेवून द्या.

छापील बॉक्स वापरणार असाल तर आतून पुट्टी आणि इपॉक्सी देऊन गुळगुळीत करा. थरांच्या रेघा वाळूला धरून ठेवतात, कोअर सोडवताना ठोकावं लागतं आणि ठोकण्यानेच जीभ हलते. डावा आणि उजवा बॉक्स कॉम्प्युटरवर आरसा करून काढला तरी प्रिंटरच्या प्लेटवर दोन्ही वेगवेगळे वाकू शकतात. बॉक्स मोजून समाधान मानू नका, कोअर मोजा.

पट्टीतल्या भोकांबद्दल. दोन एक्झॉस्टमधली पट्टी म्हणजे दोन कोअरच्या मध्ये अडकलेला पातळ धातू, तिसऱ्या बाजूला मधला कोअर. तिन्हीकडून गॅस. तो गॅस कोअरच्या आतून बाहेर जायला वाट नसेल तर धातूत घुसतो, आणि कातडीखाली लपलेलं भोक बोअर करताना उघडं पडतं. मधला कोअर पोकळ करा, भोक दोन्ही प्रिंटमधून आरपार. एक्झॉस्टच्या कोअरमध्ये बाहेरच्या प्रिंटपर्यंत जाणारी व्हेंट (गॅस निघायची वाट). ट्रान्सफरचा कोअर वळलेला, त्यात तार घालून सरळ भोक पडत नाही. वाळू भरतानाच मेणाची वात आत ठेवायची, भाजताना मेण वितळून जातं आणि पोकळी राहते. सीओटूमध्ये भाजणं नाही, तिथे नायलॉनची दोरी ठेवून नंतर ओढून काढतात. ती व्हेंट पायातून तबकडीत आणि तबकडीतून साच्याबाहेर अशी सलग असली पाहिजे. जोडावर पेस्टने तिचं तोंड बुजलं तर व्हेंट असून नसल्यासारखी. गठ्ठा झाल्यावर पायाच्या बाजूने हलकी फुंकर मारून बघा, हवा जाते की नाही.

वॉश, म्हणजे कोअरवर द्यायचा लेप, स्पिरिटवाला झिरकॉन घ्या, पातळ. एकच हात, उलटा धरून निथळू द्यायचा, मग पेटवायचा. जिभेच्या मुळाशी ओघळ साचतो आणि खिडकीचा कोपरा गोल होतो. तो ब्रशने लगेच टिपायचा. प्रिंट, पाय आणि जिभेचा टेकणारा भाग यांना वॉश लावायचा नाही. आणि पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, आमच्या भागात सीओटूचे कोअर रात्रभर उघडे ठेवले की सकाळी कडा ओलसर, नखाने उकरता येतात. ओतायच्या दिवशी गठ्ठा 110-120 अंशांना तासभर कोरडा करून गरम असतानाच साचा बंद करा.

रसाबद्दल थोडक्यात: एफजी 220 ते 260 (राखाडी बिडाच्या प्रती), इनॉक्युलेशन (बीड पांढरं पडू नये म्हणून ओतण्याआधी रसात टाकायची भर) व्यवस्थित, ओतताना 1350 च्या खाली नको, नाहीतर फिन्सची टोकं एक तर भरत नाहीत किंवा पांढरी पडतात आणि ड्रिल लागत नाही. हे तुमची फौंड्री तुमच्यापेक्षा चांगलं जाणते.

पहिला नग कापून बघायचा. ट्रान्सफरच्या मधोमध उभा, हॅकसॉने. त्यात जीव अडकतो हे मान्य, पण भिंतीची जाडी, छताचा खरा कोन, व्हेंट चालली की नाही, हे सगळं त्या एका कापात दिसतं.

मशिनिंगला नग देताना टर्नरच्या हातात नुसतं कास्टिंग देऊ नका, सोबत एक मँड्रेल (नग धरायची आतली दांडी) द्या. ओतीव बोअरमध्ये सैल जाणारं, त्याला दोन स्प्रिंगवर सरकणाऱ्या जिभा, ज्या दोन्ही ट्रान्सफरच्या खिडक्यांत शिरून वरच्या कडेला टेकतात. म्हणजे नग पोर्टांवर लटकतो. त्या स्थितीत बेस फेस मारायचा. मग बेसवर बसवून, ओतीव बोअरला डायल लावून सेंटर करायचं आणि बोअर करायचा. फिन्स बाहेरून थोड्या तिरक्या फिरताना दिसतील, टर्नर तक्रार करेल, करू द्या. त्यानंतर हेडचा फेस, आणि स्टडची भोकं तबकडीच्या सपाट कापाच्या दिशेने.

आणि टायमिंग पूर्णपणे ओतीव कडेवर सोडू नका. खिडकीची वरची कड मुद्दाम 0.5 मिलिमीटर खाली ओता. बोअर झाल्यावर पुन्हा कागद घासून नकाशा काढा आणि काटकोनी डाय ग्राइंडरने दोन्ही कडा बेसपासून सारख्या उंचीवर उघडा. धातू काढता येतो, लावता येत नाही. शेवटी सगळ्या खिडक्यांच्या कडा 0.5 ने मोडायच्या, रिंग अडकू नये म्हणून. एक्झॉस्टच्या मधल्या पट्टीला थोडं जास्त सोडवायचं, कारण ती तापून बोअरमध्ये फुगते.

सध्या हातात असलेल्या नगांपैकी ज्यांचा दोष फक्त 1 मिलिमीटरचा आहे, ते वाचू शकतात. उजवी कड डावीएवढी वर घ्या. मात्र त्याने ट्रान्सफर लवकर उघडेल आणि एक्झॉस्ट उघडल्यानंतर जळका गॅस बाहेर पडायला मिळणारा वेळ कमी होईल. डिग्री व्हील (क्रँकचे अंश दाखवणारी चकती) लावून ते अंतर मोजा. फार कमी राहत असेल तर एक्झॉस्टची कडही त्याच प्रमाणात वर न्यावी लागेल. किंवा बेस फेसवरून तेवढा धातू काढून सिलिंडर खाली बसवता येतो, पण मग सगळेच पोर्ट उतरतात आणि हेडपाशी पिस्टनला जागा उरते का ते बघावं लागतं. ज्या नगांच्या पट्टीत भोकं आहेत ते भंगारात घाला. रिंग प्रत्येक फेरीला त्या पट्टीवरून जाते, तिथे ब्रेझिंग किंवा मेटल पुट्टी टिकत नाही, आणि तुटलेला रिंगचा तुकडा पिस्टनसकट सगळं घेऊन जातो.